पुएर्तो मोंतचा एक दिवस: जुनं जंगल, जर्मन गाव आणि ऐन किंक्रांतीला काळं जाकीट

परत आल्यापासून नात्यातल्या आणि भिशीतल्या मिळून पाच-सहा जणींनी विचारलं की क्रूझवर मधल्या बंदरांवर उतरून फिरायचं कसं असतं, आपलं आपण जायचं का जहाजवाल्यांबरोबर, व्हिसा लागतो का आणि साठीनंतर झेपतं का. फोनवर तेच तेच सांगून घसा बसला म्हणून आता लिहूनच काढते. सगळ्या ट्रिपचं नाही लिहीत, एकाच दिवसाचं लिहिते. 15 जानेवारी 2025, चिलीतलं पुएर्तो मोंत.

आधी आमच्याबद्दल थोडं, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. मी 62, हे 67, यांचा उजवा गुडघा बदललेला. हे पाटबंधारे खात्यातून रिटायर, त्यामुळे कुठेही गेलो तरी आधी पाणी कुठून येतं ते बघणार. लेक न्यू जर्सीला असते, ऑक्टोबरपासून आम्ही तिच्याकडेच होतो आणि तिने आणि जावयांनी आमच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून ही चौदा रात्रींची क्रूझ दिली, चिलीच्या सान अंतोनियो बंदरातून निघून दक्षिण टोकाला वळसा घालून ब्युनॉस आयर्सला. मी आधी नकोच म्हणत होते, एवढ्या लांब दोन म्हातारे एकटे, भाषा येत नाही, काही झालं तर?

व्हिसाचं आधी सांगते कारण सगळ्यात जास्त झोप त्याने उडवली. भारतीय पासपोर्टवर चिलीला एरवी व्हिसा लागतो, पण अमेरिकेचा व्हिसा असेल आणि तो चिलीत पोचायच्या दिवसापासून निदान सहा महिने चालणारा असेल तर वेगळा लागत नाही. आमचा दहा वर्षांचा होता, म्हणजे प्रश्न नव्हता. तरी नियम बदलत असतात, तेव्हा दूतावासाच्या साइटवर तुमच्या तारखेला काय आहे ते बघाच आणि त्या पानाची प्रिंट काढून ठेवा. आम्हाला त्या प्रिंटनेच वाचवलं. विमानाच्या काउंटरवरच्या मुलीला हा नियम माहीतच नव्हता, ती म्हणाली चिलीचा व्हिसा दाखवा, मग तिचा फोन, मग तिच्या वरच्या माणसाचा फोन, पंचवीस मिनिटं आम्ही बाजूला उभे आणि मागची रांग आमच्याकडे अशी बघतेय की जणू आम्ही काहीतरी लपवून नेतोय. शेवटी ती प्रिंट हायलायटरने रंगवून पुढे केली तेव्हा बोर्डिंग पास मिळाले.

आता बंदरावरच्या सहली, ज्याला ते शोर एक्सकर्शन म्हणतात. जहाजाच्या साइटवर लॉगिन केलं की प्रत्येक बंदराची यादी दिसते. पुएर्तो मोंतसाठी बहुतेक लोक ओसोर्नो ज्वालामुखी आणि पेत्रोवेचे धबधबे घेतात, फोटो छान येतात म्हणून. मला त्या यादीत खाली एक सापडली, अलेर्से झाडांचं प्राचीन जंगल आणि फ्रुतियार नावाचं जर्मन वसाहतीचं गाव. माझं माहेर देवरुखजवळचं. आमच्या गावच्या देवराईत आम्ही लहानपणी चपला बाहेर काढून जायचो आणि तिथली वाळकी काटकीसुद्धा चुलीला आणायची नाही हा नियम आजीने अंगात भिनवलेला, त्यामुळे हजारो वर्षांची झाडं म्हटल्यावर माझं बोट तिथेच थांबलं. किंमत माणशी 139 डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने बारा हजार रुपये. हे म्हणाले झाडं बघायला बारा हजार? मी म्हटलं फ्रुतियारच्या म्युझियममध्ये पाणचक्की पण आहे. मग गप्प.

पण ती सहल भरलेली होती. 3 नोव्हेंबरला वेटिंग लिस्टवर नाव टाकलं आणि रोज सकाळी चहाबरोबर मेल बघायचा नाद लागला. 19 डिसेंबरला मेल आला की दोन जागा मिळाल्या, 24 तासांत पैसे भरा. टाइम झोनच्या गोंधळात कार्ड दोनदा नाकारलं गेलं, जावयांनी तिसऱ्यांदा भरलं. म्हणजे वेटिंगवाल्यांनो, स्पॅम फोल्डर पण बघत जा, आमचा मेल तिथेच पडला होता.

बाहेरच्या टूरवाल्यांकडे साधारण अशीच सहल 80 डॉलरला मिळत होती. आम्ही तरी जहाजाची घेतली ती दोन कारणांनी. एक म्हणजे पुएर्तो मोंतला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, बाहेर खाडीत नांगर टाकतं आणि छोट्या बोटींनी लोकांना किनाऱ्यावर सोडतात, त्याला टेंडर म्हणतात. जहाजाची सहल घेतलेल्यांना त्या बोटीत आधी नंबर. आणि दुसरं, जहाजाच्या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं, तुमच्या स्वतःच्या टॅक्सीसाठी थांबत नाही. गुडघावाल्या माणसाला घेऊन धक्क्यावर पळणं मला जमलं नसतं. माणशी पन्नास-साठ डॉलर जास्त गेले पण रात्री झोप लागली. तरुण असाल, स्पॅनिश येत असेल तर खुशाल बाहेरची घ्या.

एक तक्रार मात्र आहे. सहलीला चालण्याचा त्रास किती ते दाखवायला माणसाचं चित्र असतं, आमच्या सहलीला 'मध्यम'. मध्यम म्हणजे काय? पायऱ्या किती, चढ किती, कठडा आहे का, हे विचारायला दोन मेल केले आणि एक फोन, तिन्ही वेळा उत्तर एकच, मध्यम.

11 जानेवारीला सांतियागोला उतरलो. इथे चिलीच्या शेती खात्याची तपासणी असते आणि ती फारच कडक, फळं, बिया, मध, दुधाचे पदार्थ सहसा चालत नाहीत. उतरायच्या आधी ऑनलाइन फॉर्म भरायचा, खायचं काही आहे का, हो की नाही. माझ्या बॅगेत मेतकूट, लसणीची चटणी, संक्रांत जहाजावर येणार म्हणून तिळगुळाचे लाडू आणि लेकीने नको म्हणत असताना ठेवलेली कच्च्या तिळाची पुडी. हे म्हणत होते 'नाही' लिही, कोण बघतंय. मी 'हो' लिहिलं. पट्ट्यावरून बॅग आली आणि एक कुत्रा शांतपणे येऊन तिच्याजवळ बसला! ऑफिसरने सगळं टेबलावर मांडलं, लाडू हातात घेऊन फिरवून बघितला, वास घेतला, भाजलेलं-शिजवलेलं म्हणून लाडू, चटणी, मेतकूट परत दिलं, कच्चे तीळ काढून घेतले. दंड शून्य. 'नाही' लिहिलं असतं आणि तीळ सापडले असते तर दंड झाला असता. 'हो' लिहायला घाबरू नका, फार तर वस्तू जाते. आणि इमिग्रेशनला एक कागदाची चिठ्ठी देतात ती बाहेर पडेपर्यंत सांभाळायची, मी पासपोर्टच्या कव्हरमध्ये रबरबँड लावून ठेवली होती.

13 तारखेला जहाजावर चढलो. 14 ला दिवसभर समुद्र, आणि संक्रांत. आमच्या टेबलावर वाढणारा मुलगा गोव्याचा निघाला. त्याला लाडू दिला तर त्याचे डोळेच भरून आले, आठ महिने घरी गेला नव्हता. दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम सांगितल्यावर तो म्हणाला, "बाय, फाल्यां काळें न्हेसूं नाकात." म्हणजे उद्या काळं घालू नका. मला वाटलं उद्या किंक्रांत, आमच्याकडे शुभ मानत नाहीत, तसंच याच्या घरी काही असेल, नाहीतरी पोरगा साधाभोळा दिसतोय. मी हो हो म्हटलं आणि विसरले.

15 तारखेला सकाळी सव्वाआठला जहाजाच्या थिएटरमध्ये जमायचं होतं. छातीवर चौदा नंबरचं स्टिकर लावून बसलो. बाहेर धुकं इतकं की डेकवरून पाणी दिसेना. कॅप्टनने सांगितलं टेंडर सोडत नाही. अर्धा तास, मग आणखी अर्धा. हे म्हणाले, "किंक्रांतीला बाहेर पडू नये म्हणतात ते यासाठीच." मी काही बोलले नाही पण पोटात गोळा आला, कारण टेंडर रद्द झाले तर पैसे परत मिळतात पण जंगल कुठे परत मिळतंय. घोषणा मात्र सतत चालू, जहाजावरून फळ, सँडविच, काहीही खायचं खाली नेऊ नका. म्हणजे तिळगूळही केबिनमध्येच.

नऊ चाळीसला बोटी सुरू झाल्या. बोटीत पाय टाकताना दोन खलाशी दोन्ही कोपरांना धरतात, आपण फक्त त्यांच्या हातावर भार टाकायचा, काठी आधी त्यांच्याकडे द्यायची, उडी मारायची नाही. पंचवीस मिनिटांत धक्का. तिथून बस.

गाइड तिशीतली मुलगी. वडिलांकडून जर्मन, आईकडून उइयिचे, म्हणजे तिथले मूळचे लोक, मापुचेंचीच दक्षिणेकडची शाखा. तिने बस सुटल्यावर पहिलंच सांगितलं की उशिरामुळे जंगलातले दीड तासाचे पन्नास मिनिटं झालेत. बसमध्ये कुरकुर. मी मनात म्हटलं पन्नास तर पन्नास.

जंगलाचं नाव लाउएन न्यादी. विमानतळाच्या जवळच, शेवटी कच्चा रस्ता, दोन्ही बाजूंना गाईगुरांची कुरणं आणि मधेच ते. सगळं मिळून 200 हेक्टर, 2000 साली संरक्षित केलं. लाउएन किंवा लाउआन हे मापुचेंच्या भाषेत अलेर्सेचं नाव आणि न्यादी म्हणजे तिकडची पाणथळ जमीन, वर ज्वालामुखीच्या राखेची पातळ माती आणि खाली पाणी मुरतच नाही असा थर. यांनी लगेच बुटाने दाबून बघितलं. "चिबड जमीन," म्हणाले, आणि खूश झाले.

वाट बरीचशी सपाट, काही ठिकाणी लाकडी फळ्या टाकलेल्या, त्या ओल्या असल्या की शेवाळासारख्या गुळगुळीत. माझ्या लेखी 'मध्यम' म्हणजे हे: पायऱ्या जवळजवळ नाहीत, पण मुळं आडवी येतात आणि धरायला सगळीकडे काही नाही. काठी हवीच आणि तळव्याला खाचा असलेले बूट हवेत. पावसाचं मला कौतुक नव्हतं, तिथे वर्षाला साधारण सतराशे मिलिमीटर पडतो, आमच्याकडे त्याच्या दुप्पट चार महिन्यांत पडतो, पण तिथला बारा महिने थोडाथोडा पडतो त्यामुळे जंगल कधी वाळतच नाही. खोडांवर शेवाळं, शेवाळावर नेचे, नेच्यांवर आणखी काहीतरी. चिल्को नावाचं फुशियाचं झुडूप, आपल्या कर्णफुलासारखी लाल-जांभळी फुलं लोंबणारं.

आणि मग अलेर्से. मी आधी त्याच्या शेजारून पुढेच गेले होते, मला वाटलं भिंत आहे कसली. मान वर केली तर फांद्या फार वर, खालून नीट दिसतही नाहीत. साल लालसर तपकिरी, काथ्यासारखी उभ्या पट्ट्यांनी सुटणारी. सोललेला नारळ ठेवून द्यावा तशी. गाइड म्हणाली ही साल पूर्वी होड्यांच्या फटी बुजवायला वापरायचे. चौघांनी हात धरले तरी पुरले नसते पण हात धरायला जायचं नाही, मुळं वरवरची असतात, वाटेवरून खाली पाय टाकायचा नाही. खोड वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर जाड होतं म्हणे. 1993 साली शास्त्रज्ञांनी एका अलेर्सेच्या बुंध्याची वर्तुळं मोजली तर 3,622 निघाली. तिकडे व्हाल्दिव्हिया शहराच्या बाजूला डोंगरात एक आहे त्याला ग्रान आबुएलो म्हणजे मोठे आजोबा म्हणतात, त्याचं वय पाच हजाराच्या वर असावं असा एक अंदाज आहे, पण खोड पूर्ण न पोखरता काढलेला अंदाज म्हणून त्यावर वाद चालू आहे. समोरचं झाड किती वर्षांचं ते मी विचारलं नाही. उगीच आकडा ऐकला असता तर आकड्याकडेच बघत बसले असते.

शास्त्रीय नावात बीगल जहाजाच्या कप्तानाचं, फिट्झरॉयचं नाव आहे, डार्विनला घेऊन गेलेला तोच. अलेर्से हे नाव स्पॅनिश लोकांनी दिलेलं, त्यांच्याकडच्या दुसऱ्याच एका झाडाचं. तिकडून आलेल्यांनी घरचं नाव चिकटवलं झालं.

तिथेच डावीकडून, अगदी पायापाशी वाटावं इतक्या जवळून, एक पक्षी ओरडला. पोटातून काढल्यासारखा घुमणारा आवाज. चुकाओ. गाइड हसली. तिकडे मानतात की हा उजवीकडून ओरडला तर शुभ, डावीकडून ओरडला तर प्रवास बिघडतो. यांनी माझ्याकडे बघितलं. किंक्रांत आणि वर हे.

आणि खरंच दहा मिनिटांत बिघडला. धुकं गेलं, ऊन पडलं, आम्ही झाडांतून बाहेर मोकळ्यावर आलो आणि माझ्यावर माश्या तुटून पडल्या. माश्या म्हणजे घरातल्या नाहीत, गोमाशीएवढ्या जाड, काळ्या-नारिंगी. ताबानो. डिसेंबर-जानेवारीत उन्हाच्या दिवसांत असतात आणि गडद रंगावर येतात. सगळ्या बसमध्ये गडद जाकीट एकटीच्या अंगावर, संक्रांतीसाठी हौसेने घेतलेलं काळं! बाकीचे आपले पांढऱ्या-पिवळ्या कपड्यांत आरामात. तेव्हा मला त्या गोव्याच्या पोराचं बोलणं आठवलं. शुभ-अशुभ काही नाही, तो बिचारा माश्यांचं सांगत होता. मी जाकीट काढून उलटं केलं, आतलं अस्तर करडं होतं, आणि तसंच दिवसभर घातलं, फोटोत शिवण दिसतेय.

पाच चावे घेऊन बसमध्ये बसले. फ्रुतियारला तासाभराचा रस्ता. इथे यांनी तो प्रश्न विचारला. गाइड सांगत होती की 1845 साली चिलीने बाहेरच्या लोकांना वसवायचा कायदा केला, मग 1850 पासून जर्मन कुटुंबं येऊ लागली, वीसेंते पेरेस रोसालेस हा सरकारचा माणूस त्यांची व्यवस्था बघायचा, त्यानेच 12 फेब्रुवारी 1853 ला पुएर्तो मोंत वसवलं आणि इथे तेव्हा नुसतं जंगल होतं. हे म्हणाले, "मग आता नुसती कुरणं आहेत, जंगल कुठे गेलं?"

ती थोडी थांबली. मग माइक बंद केला, आमच्या सीटपाशी आली आणि बोलली. पेरेस रोसालेसने पिची हुआन नावाच्या तिथल्याच एका माणसाला तीस पेसो कबूल करून जंगल पेटवायला लावलं. त्याने ते स्वतःच आठवणींत लिहून ठेवलंय. आग तीन महिने चालली. धूर व्हाल्दिव्हियापर्यंत दिसत होता. "शाळेत मला हे शिकवलं तेव्हा शौर्याची गोष्ट म्हणून शिकवलं," ती म्हणाली. "आजी वेगळं सांगायची." आजी काय सांगायची ते तिने सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. ती परत पुढे गेली आणि माइकवर ओसोर्नोची उंची सांगायला लागली, 2,652 मीटर.

तो दिसलाच मग, सरोवराच्या पलीकडे, डोक्यावर बर्फ घेतलेला, इतका रेखीव की रांगोळीत काढल्यासारखा. यांकीवे सरोवर, चिलीतलं दोन नंबरचं मोठं, समोरचा काठ नीट दिसत नाही. त्याच्या शेजारी काल्बुको, तो 2015 च्या एप्रिलमध्ये फुटला होता.

फ्रुतियार 1856 चं गाव. फ्रुतिया म्हणजे तिकडची स्ट्रॉबेरी, तर स्ट्रॉबेरीचं गाव. लाकडी घरं, हॉर्टेन्सियाची निळी फुलं, खिडकीला जाळीचे पडदे. पाण्यावर आत गेलेलं मोठं नाट्यगृह आहे, 2010 सालचं, आणि त्याच्याही खूप आधीपासून, 1968 पासून, दर उन्हाळ्यात संगीताचा महोत्सव असतो, उन्हाळा म्हणजे त्यांचा जानेवारी-फेब्रुवारी. बरीच घरं बाहेरून खवल्याखवल्यांची, लाकडाचे पातळ चपटे तुकडे एकावर एक बसवलेले, आपण कौलं घालतो तसे, पण भिंतींनासुद्धा. तेखुएला म्हणतात. हाताने फोडलेल्या अलेर्सेच्या. हे लाकूड कुजत नाही, पाऊस पीत नाही. एके काळी चिलोए बेटाकडे या फळ्या नाण्यासारख्या चालायच्या, त्यावर सामान मिळायचं. मी एका भिंतीला हात लावला, जंगलात लावता आला नव्हता म्हणून. करडी पडलेली, उन्हाने कोमट, रेषा इतक्या बारीक की नखानेही मोजता येणार नाहीत. एका चपट्या तुकड्यात किती वर्षं असतील कोण जाणे.

1976 पासून जिवंत अलेर्से तोडायला बंदी आहे. दुकानांत जुन्या लाकडाच्या वस्तू दिसतात, पण आंतरराष्ट्रीय कायद्यातही हे झाड सगळ्यात कडक यादीत आहे, कागदपत्रांशिवाय देशाबाहेर नेलं तर अडकाल. मी चहाच्या कपाखाली ठेवायची एक चकती हातात घेऊन परत ठेवली.

जर्मन वसाहतीचं म्युझियम 1984 पासून आहे, व्हाल्दिव्हियाच्या आउस्त्राल विद्यापीठाचं. तिकीट सहलीत धरलेलं होतं. म्युझियम म्हणजे एक इमारत नाही, चढावर बाग आणि बागेत वेगवेगळी घरं. पाणचक्की खाली, लोहाराचं घर, वर मोठं घर. चढ बऱ्यापैकी आहे, गुडघावाल्यांनी सावकाश. हे पाणचक्कीपाशी चाळीस मिनिटं होते, पाट कुठून काढला, चाकावर पाणी वरून पडतं का खालून, सगळं हाताने मोजून झालं.

मी एकटी पुढे एका गोल घरात गेले. शंकूसारखं छप्पर आणि मधोमध एक जाडजूड खांब. पाटी स्पॅनिशमध्ये, काही कळेना, पण खांब बघितल्यावर पाटीची गरज उरली नाही. तिवडा! खळ्यात मधे रोवतात तो, ज्याच्याभोवती बैल फिरवून मळणी करतात. माझ्या मावशीच्या सासरी घाटावर मी लहानपणी बघितलेला. इथे बैलाऐवजी घोडे, आणि पाऊस भरवशाचा नाही म्हणून अख्ख्या खळ्यालाच छप्पर. मी एकटीच त्या खांबाभोवती एक फेरी मारली. पलीकडे उभ्या असलेल्या बाईला काय वाटलं असेल ते असो.

वरच्या घरात स्वयंपाकघर आहे, लोखंडी चूल, भांडी टांगलेली, जेवायचं टेबल मांडलेलं. सगळं लखलखीत. एका कोपऱ्यात प्रवासाची मोठी पेटी. कोपरे लोखंडी पट्टीने बांधलेले आणि झाकण आतून कागद लावून घेतलेलं, भिंतीला लावतात तसा फुलाफुलांचा कागद, एका बाजूने जरा वाकडा कापलेला. कोणीतरी निघायच्या आधी घरी बसून लावला असणार. लेक 2009 मध्ये पहिल्यांदा गेली तेव्हा तिच्या बॅगेला मी आतून जुन्या साडीची पट्टी शिवून दिली होती, पापडाचा डबा हलू नये म्हणून. मी तिथे जरा जास्तच वेळ उभी राहिले. तीस पेसोचं पण डोक्यातून जात नव्हतं. दोन्ही एकदम डोक्यात राहिलं, काय करणार.

जेवण सहलीत नव्हतं, हे बुकिंग करताना नीट वाचा. आम्ही कूखन खाल्ला, तिकडचा जर्मन केक, खाली बिस्किटासारखा थर आणि वर रासबेरी. एक तुकडा 4,500 पेसो, कॉफी 2,500, तेव्हा साधारण हजार पेसोला एक डॉलर. तुकडा इतका मोठा की दोघांत एक पुरला असता, आम्हाला माहीत नव्हतं. कार्ड चालतं, पण बाथरूमला 500 ची नाणी लागतात, ती आधीच सुटी करून ठेवा, मी तिथे दारात पर्स उपसत उभी होते.

सव्वातीनला बस निघाली, चार दहाला धक्क्यावर, आणि तिथे ही रांग. सगळ्या सहली एकदम परत आलेल्या. चाळीस मिनिटं उभे, सावली नाही, बसायला जागा नाही. आणि सकाळी जो उतार साधा होता तो आता घसरगुंडी झाला होता, कारण ओहोटी. पुएर्तो मोंतला भरती-ओहोटीत सहा-सात मीटरचा फरक पडतो, धक्का तिथेच राहतो आणि बोट खाली जाते. हे कोणी सांगितलं नव्हतं. हे कठडा धरून आडवे, एकेक पाऊल, मागून एक तरुण स्पॅनिश मुलगा न विचारता यांच्या पट्ट्याला धरून उतरला. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर निघायच्या आधी ओहोटीची वेळ बघून ठेवा, फोनवर दिसते. पाचची शेवटची बोट होती, आम्ही चार पन्नासच्या बोटीत होतो.

हिशोब सांगते. सहल 278 डॉलर, खाणं 14, बाथरूम 1, गाइड आणि ड्रायव्हरला मिळून 10. दोघांचे 303 डॉलर, म्हणजे सव्वीस हजार रुपये.

बोटीतून मागे बघितलं तर डोंगरउतारावर सगळं पुएर्तो मोंत दिसत होतं, घरांना घरं लागून. हे बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, "तीस पेसो म्हणजे तेव्हाचे किती असतील गं?" मला काय माहीत.

रात्री जेवायला गोव्याचा मुलगा आला, माझा सुजलेला हात बघितला आणि काही न बोलता फक्त मान हलवली. जहाजाच्या डॉक्टरकडे नुसतं दाखवायचे किती घेतात ते ऐकून मी केबिनमध्ये परत आले आणि कैलास जीवन चोपडलं. तिसऱ्या दिवशी खाज थांबली.